बिनचावीचं दार : समज आणि वस्तुस्थिती

बारामतीच्या मार्केट यार्डातलं आडत दुकान घ्या, भिगवण रस्त्यावरचं मेडिकल घ्या, इंदापुरातलं कृषी सेवा केंद्र घ्या किंवा लोणी देवकरच्या एमआयडीसीतला वीस-पंचवीस माणसांचा कारखाना. किल्ल्यांची व्यवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक मालकाकडे, एक दिवाणजीकडे किंवा मॅनेजरकडे, एक घरच्या कपाटात. काम सोडून गेलेल्या मुलाकडून किल्ली परत मागून घेता येते; पण मधल्या काळात त्याने बनवून घेतलेली नक्कल परत मागता येत नाही, कारण ती आहे हेच आपल्याला माहीत नसतं. बिनचावीच्या दाराचं खरं मोल इथे आहे. कार्ड असो, बोट असो, चेहरा असो किंवा आकडे, एका माणसाचा आत येण्याचा हक्क बाकीच्यांना धक्का न लावता काढून घेता येतो आणि कोण केव्हा आलं याची नोंद राहते. एवढ्या दोन गोष्टींसाठी ही यंत्रणा घ्यावी. तिच्याबद्दल याहून जास्त जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं चुकीचं आहे, आणि काही तर जिवावर बेतणारं आहे.

सर्वांत पक्का समज असा, की डिजिटल लॉक बसवलं म्हणजे चोरीची चिंता मिटली. आपल्याकडच्या चोरीच्या बातम्या वाचून पाहा. ‘शटर उचकटून’ हे शब्द त्यात हमखास असतात. रात्री येणारा चोर कुलपाशी बुद्धीचा खेळ खेळत बसत नाही. तो कटावणी घालून शटरची पट्टी वाकवतो. शटरच्या आतल्या काचेच्या दाराला कितीही महागडं यंत्र लावलं तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. तेव्हा रात्रीसाठी शटरची दोन्ही बाजूंची कुलपं, मधलं कुलूप आणि मजबूत पट्टी यांना पर्याय नाही. बिनचावीचं कुलूप दिवसा कामाला येतं आणि ते आतल्या दारांना शोभतं : गल्ल्याची खोली, गोडाऊन, औषधांचा साठा.

कृषी सेवा केंद्रवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कीटकनाशकं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावीत, असं कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. औषध दुकानांत परिशिष्ट ‘एक्स’मधली औषधं त्यांच्यासाठीच राखलेल्या कपाटात किंवा खणात कुलपात ठेवण्याचं बंधन आहे. ही कपाटं आहेत तशी चावीवर ठेवावीत आणि ती ज्या खोलीत आहेत तिच्या दाराला नोंद ठेवणारं कुलूप लावावं, हे मला सर्वांत योग्य वाटतं. विषारी औषधाची बाटली कमी भरली, तर त्या दिवशी खोलीत कोण गेलं होतं हे सांगता आलं पाहिजे.

याच समजाला जोडून दुसरा येतो : नोंद आहे म्हणजे विम्याचे पैसे मिळणारच. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसींत बळजबरीने आत शिरल्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात हेच धरलं. पॉलिसीत ‘घरफोडी’ची व्याख्या बळाच्या वापराशी जोडलेली असेल, तर नुसती चोरी त्यात बसत नाही. आता विचार करा. कुणी ओळखीच्याने आकडे दाबून दार उघडलं आणि रोकड नेली, तर ना कडी तुटली, ना काच फुटली. यंत्रातली नोंद पोलिसांना उपयोगी पडेल, पण दाव्याचं काय होईल ते पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल. म्हणून यंत्र बसवण्याआधी विमा प्रतिनिधीकडून कर्मचाऱ्याने केलेली चोरी आणि मोडतोड न करता झालेली चोरी या दोन्हींबद्दल लेखी उत्तर घ्यावं.

आता ज्या गैरसमजाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. कुणी म्हणतं, ‘लाइट गेली की दार उघडं पडतं’. कुणी म्हणतं, ‘लाइट गेली की माणूस आत अडकतो.’ दोन्ही खरं असू शकतं, कारण कुलपाचे दोन प्रकार असतात. एक वीज गेली की सुटतं, दुसरं वीज गेली की बंदच राहतं. काचेच्या दारावर वरच्या बाजूला दिसणारं चुंबकाचं कुलूप पहिल्या प्रकारचं. त्याची पकड साधारण २८० किलोची असते, पण ती वीज असेपर्यंतच. बारा व्होल्टवर ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज खातं. म्हणजे सात अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने चौदा तास चालावी, प्रत्यक्षात ती जुनी होत जाते तसा वेळ घटतो. महावितरणची वीज कधी जाते याचा अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे, त्यामुळे बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलण्याचा खर्च आधीच धरून चालावं.

यावर काही जण उपाय काढतात, की वीज गेली तरी बंदच राहणारं कुलूप बसवू, म्हणजे माल सुरक्षित. गोडाऊनला ते चालेल, पण एका अटीवर : आतून बाहेर पडायला कार्ड, बोट, वीज यांतलं काहीही लागता कामा नये. हँडल फिरवलं की दार उघडलंच पाहिजे. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार बाहेर पडू शकले नाहीत. दाराला बाहेरून कुलूप होतं. ते कुलूप साधं होतं. यंत्राचं असतं तरी बाहेर पडायची वाट नसेल तर परिणाम तोच झाला असता. आपल्याकडे दुकानात, गोडाऊनमध्ये, डेअरीच्या खोलीत कामावरची मुलं रात्री झोपतात, ही वस्तुस्थिती आहे. चुंबकाचं कुलूप असेल तर बाहेर पडायचं बटण थेट त्या कुलपाची वीज तोडणारं हवं, यंत्राला विनंती पाठवणारं नको. यंत्र बिघडलं तर विनंती ऐकणार कोण? शेजारी काच फोडून वीज तोडण्याची लाल पेटीही हवी. डाळिंब-द्राक्षांच्या शीतगृहात तर आतून ढकलून उघडणारी मूठ असल्याशिवाय कुणाला पाऊल टाकू देऊ नये.

बोटाच्या ठशाबद्दल दोन उलट टोकांचे समज आहेत. एक : ठसा म्हणजे सर्वांत बिनचूक ओळख. रेशन दुकानात ‘अंगठा लागत नाही’ म्हणून ताटकळलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटणार नाही. हमालाचे हात पोत्यांनी झिजलेले असतात, दूध संकलन केंद्रावरच्या माणसाचे पहाटेपासून ओले, सिमेंट-चुन्यात काम करणाऱ्याच्या रेषाच पुसट. अशा माणसाला रोज दारात पाच वेळा बोट लावायला लावणं म्हणजे त्याचा अपमान करणं आहे. दोन्ही हातांची मिळून तीन-चार बोटं नोंदवावीत आणि तरीही जमत नसेल तर त्याला कार्ड द्यावं, त्यात कमीपणा नाही.

दुसरा समज भीतीचा : हजेरीच्या मशीनवर थंब लावला की आधारमधून बँकेतले पैसे जातात. हजेरीचं किंवा दाराचं यंत्र आधारला जोडलेलं नसतं. ठशातल्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात याचं गणिती टिपण ते स्वतःजवळ ठेवतं आणि त्याच्याशीच ताडून पाहतं. आधारवरून पैसे काढायला नोंदणीकृत यंत्र आणि बँकेचा प्रतिनिधी लागतो. मात्र कामगाराची भीती हवेतली नाही. दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. त्यावर उपाय आहे : आधारच्या ॲपवरून स्वतःचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. मालकाने हे स्वतः बसून कामगारांना करून द्यावं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही, म्हणून काम सोडलेल्या माणसाचं टिपण यंत्रातून पुसणं ही मालकाची जबाबदारी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात, आणि दुकान लहान आहे म्हणून कायदा आपल्याला लागू नाही असं समजू नये.

कार्डाबद्दल थोडक्यात. ‘कार्डाची नक्कल होत नाही’ हे चूक. स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झची कार्डं फक्त एक ठरावीक क्रमांक उच्चारतात. त्यांची प्रत काही सेकंदांत निघते. मायफेअर क्लासिक या जास्त चांगल्या समजल्या जाणाऱ्या कार्डाची सांकेतिक पद्धतही नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये फोडून दाखवली. तरी हरवलेलं कार्ड लगेच रद्द करता येतं, हा फायदा उरतोच.

आकड्यांच्या कुलपाला चार अंक म्हणजे दहा हजार शक्यता. पण ‘एमएच-४२’च्या पुढचा आपल्या गाडीचा नंबरच कोड ठेवला, तर शक्यता एकच उरते आणि ती अख्ख्या पेठेला पाठ असते. बटणं झिजून चारच अंक चकाकत असतील तर क्रम लावायच्या वाटा चोवीस. सहा अंक ठेवावेत, प्रत्येकाला वेगळा कोड द्यावा. सगळ्यांना मिळून एकच कोड असेल तर नोंदीला काही अर्थ राहत नाही.

इंटरनेट गेलं की दार उघडत नाही, हा समज बहुतेक यंत्रांबाबत खोटा आहे. परवानग्या यंत्रातच साठवलेल्या असतात; मोबाइलवरची सूचना तेवढी उशिरा येते.

तीन माणसं आणि एक दार असलेल्या दुकानाला यातलं काही लागत नाही. माणूस सोडून गेला की कुलूप बदलणं स्वस्त पडतं. दोन पाळ्या असतील, साखर हंगामात माणसं वाढून पुन्हा कमी होत असतील, गोडाऊन दुकानापासून लांब असेल, तर मात्र घ्यावं. पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं करून दाखवायला सांगावीत. यंत्राचा मुख्य पासवर्ड कारखान्यातून आलेलाच आहे की बदलला, आणि तो तुमच्याखेरीज कुणाकडे आहे? एका माणसाचं नाव पुसून दाखवता का? आणि मेन स्विच बंद करून, यंत्राची वायर काढून, आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेर येता येतं का?