पूर्व भागाची सायकल

सोलापुरात अजून सायकल कोण चालवतं, हे पाहायचं असेल तर पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास अक्कलकोट रोडच्या कडेला उभं राहावं. काळी, उंच, जाड नळीची सायकल. मागच्या कॅरेजला जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळलेला जेवणाचा डबा, हँडलला लटकवलेली पाण्याची बाटली, सीटवर गुंडाळलेलं प्लास्टिक. स्वार बहुधा चाळिशी-पन्नाशीचा. तो डांबराच्या अगदी काठावरून जातो. मागून हॉर्न वाजला की मुरमात उतरतो आणि गाडी गेली की पुन्हा डांबरावर चढतो. डांबराच्या थरावर थर चढून तो काठ वीतभर उंच झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक चढउतारात पुढचं चाक लचकतं. कारखान्याच्या फाटकापर्यंत ही कसरत किती वेळा होत असेल, याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही.

हे यंत्रमागावरचे कामगार. टॉवेल आणि चादरींवर जगणाऱ्या या शहरात त्यांची संख्या मोठी आहे. सायकल आणि मोटारगाडी यांच्या तुलनेचा विषय निघाला की आपल्याकडे पर्यावरण, आरोग्य, परदेशातली स्वच्छ शहरं असं बोलणं सुरू होतं. ते चूक नाही. पण सोलापुरात हा प्रश्न आधी मजुरीचा आणि रस्त्यावरच्या जागेचा आहे. शहराचा रस्ता ज्यांच्यासाठी आखला जातो, त्यांत हा डबा बांधलेला माणूस धरलेलाच नाही, आणि तो धरला जावा यासाठी हा लेख आहे.

सोलापूर हे मुळात पायी आणि सायकलने फिरायच्या मापाचं गाव. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, तीही चालत. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही नावं जुन्या गावाच्या हद्दी सांगतात. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. ती उभारणाऱ्या मुरारजी गोकुळदासांचं नाव मुरारजी पेठेला मिळालं. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या आणि शहराचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. कामगारांच्या चाळी गिरणीच्या आसपास. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा पूर्व भाग मागांच्या भोवतीच वाढला. कित्येक घरांत माग खाली आणि संसार वर. घर आणि काम यांत अंतर जेमतेम मैल-दोन मैल. जमीन सपाट, पाऊस बेताचा. सायकलला याहून सोयीचं शहर शोधून सापडणार नाही.

त्या काळी सायकल ही कामगाराची पहिली मोठी खरेदी असे. ज्याच्याकडे ती नसे तो तासाच्या भाड्याने घेई. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत नगरपालिकेचा सायकल-कर असे, तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि रात्री दिव्याविना किंवा डबल सीट पकडलं तर दंड होई. आज हे जाचक वाटेल. पण त्या बिल्ल्यामुळे एक गोष्ट होत होती: शहरात सायकली किती, हे पालिकेला ठाऊक असे. आज मोटारगाड्यांची नोंद एमएच-१३ च्या आकड्यांसह पक्की असते. सायकलींची नोंद ठेवणारं कुणीच उरलेलं नाही. जे मोजलं जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

जुनी मिल साठच्या दशकातच बंद पडली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू थंडावली, पुढे नरसिंग गिरजीही. भोंगे थांबले, पण सायकली थांबल्या नाहीत. त्या गिरणीकडून यंत्रमागाकडे वळल्या. सायकलला खरा धक्का दुसरीकडून बसला. १९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द तेव्हापासून सोलापूरकरांच्या तोंडी आहे आणि बहुतेक वेळा तो तक्रारीतच येतो. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, विजापूर रोड असं शहर पसरत गेलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे एवढ्या विस्ताराला माणसं विरळच. महापालिकेची परिवहन सेवा या पसरलेल्या शहराला पुरी पडली नाही, दिवसेंदिवस खालावतच गेली. अंतर वाढलं, बस नाही. मग माणसाने काय करावं?

त्याने मोटारसायकल घेतली. सोलापुरात सायकलस्वार पळवला तो दुचाकीने, मोटारीने नव्हे. मोटारीने पळवली ती जागा. हे दोन वेगळे तोटे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी दुचाकीचं पाहू. महाराष्ट्रात पेट्रोल २०२१ पासून लिटरला शंभरच्या वरच आहे. कामाचं ठिकाण दहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते असं धरलं तरी रोजचे चाळीस रुपये, महिन्याचे हजारावर. त्यात कर्जाचा हप्ता, विमा, दुरुस्ती. ज्याची मजुरी मागावर निघालेल्या मालाच्या हिशेबाने मिळते, त्याच्या हातातून हे पैसे दर महिन्याला जातात. सायकलचा खर्च त्यापुढे नगण्य. पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतो, कानशीने ती जागा घासतो, सोल्यूशन लावून ठिगळ दाबतो. काही रुपयांत सायकल पुन्हा रस्त्यावर. म्हणून ज्याला दहा किलोमीटर जायचंय तो दुचाकी घेईल, त्याला दोष नाही. पण ज्याचं काम तीन-चार किलोमीटरवर आहे, असे हजारो जण आजही या शहरात आहेत. चार किलोमीटर सायकलने पंधरा-वीस मिनिटांत होतात. त्यांनाही दुचाकी घ्यावीशी वाटते, याचं एक मोठं कारण भीती आहे.

ती भीती खोटी नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के, तर पायी चालणारे १९.५ टक्के. म्हणजे सायकल सोडून दुचाकीवर बसलेला माणूसही सुरक्षित झालेला नाही. अवजड वाहनांच्या बेफाम वेगात ज्याच्याभोवती पत्रा नाही, तो प्रत्येक जण धोक्यात आहे. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’ चित्रपटात चंक्याचं सायकलचं दुकान आहे आणि त्याच्या सायकलवर चार पैसे कमवायला निघालेल्या जब्याची ती सायकल मोठ्या गाडीखाली चिरडली जाते. त्या प्रसंगात कुणी मरत नाही, पण एका मुलाची कमाई आणि उमेद तिथेच संपते. गरिबाची सायकल मोडते तेव्हा नेमकं काय मोडतं, हे मला त्या प्रसंगाइतकं कुठल्या अहवालात सापडलं नाही.

आता मोटारीचं. २०११ च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगार कामावर कसे जातात, हे देशभर विचारलं. २२.६ टक्के पायी, १३.१ टक्के सायकलने, १२.७ टक्के दुचाकीने. मोटार, जीप, व्हॅन मिळून २.७ टक्के. त्यानंतर मोटारी वाढल्या, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मोटार असलेली कुटुंबं साडेसात टक्के होती आणि सायकल असलेली निम्मी. एका मोटारीला उभं राहायला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा धरतात, साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात दहा सायकली सहज मावतात. नवी पेठेत दिवाळीच्या खरेदीला गेलेल्या कुणालाही हे गणित समजावून सांगायला नको. दुकानापुढे दोन मोटारी लागल्या की चालणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध यावं लागतं आणि मागे कोंडी होते. मग कोंडीवर उपाय म्हणून उड्डाणपुलांची मागणी होते. जुना पुणे नाका ते पत्रकार नगर आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला हे दोन पूल वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. जड वाहतूक गावातून बाहेर काढायला त्यांचा उपयोग होईलही. पण पुलावर सायकल जात नाही, आणि पुलाखाली खांब उभे राहिले की सायकलवाल्याची कड आणखी आक्रसते. हे आराखड्याच्या टेबलावर कुणीतरी बोलायला हवं.

नियम नाहीत असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांची मानकं १९६२ सालीच छापली. गर्दीच्या तासाला चारशे सायकली असतील आणि मोटारींचीही वर्दळ असेल तर वेगळा मार्ग द्यावा, तो किमान दोन मीटर रुंद असावा, असं त्यात होतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर वाहनं नव्हे, माणसं हलवणं हे उद्दिष्ट ठरवलं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर निवडलं गेलं, तेव्हा मला फार आशा वाटली होती. पुढे होम मैदानाचं रूप पालटलं, काही रस्ते देखणे झाले. पण पूर्व भागातून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा सायकलवाला होता तिथेच, मुरमात राहिला.

पुण्याच्या अनुभवातून एक गोष्ट नक्की शिकावी. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या त्या पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात मोठा सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत आल्या. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. सायकली होत्या, त्यांना जायला सलग, मोकळी वाट नव्हती. सोलापूरला भाड्याच्या सायकलींची गरजच नाही. त्या इथल्या घराघरांत आहेत.

आणि बायका? हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला त्यांना कारखान्याच्या शाखेत जावं लागतं, बहुतेकींना पायी किंवा रिक्षात दाटीवाटीने. त्यांच्यासाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, ती २००६ साली मिळाली. त्याच परिसरात रे नगरची तीस हजारांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. कामगारांच्या लढ्यातून उभी राहिलेली ही घरं देशाला अभिमान वाटावा अशी आहेत. पण घर शहराबाहेर आणि काम शहरात, तर मधल्या रस्त्याचा विचार घराइतकाच हवा. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवण्याला मोहिमेचाच भाग केलं. दगडखाणीत काम करणाऱ्या बायका, शेतमजूर, अंगणवाडी सेविका सायकलवर आल्या. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. पुढच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कुंभारीच्या मुलीला आणि तिच्या आईला हे का मिळू नये?

उन्हाचा आक्षेप खरा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा दुपारी सायकल मारणं हाल करून घेणंच आहे. पण कामगार त्या उन्हात आजही जातोच. त्याला हवी आहे कडुनिंबाची सावली. रुंदीकरणात आपण आधी झाडं तोडतो आणि मग ऊन वाढलं म्हणतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. चांगलं झालं. पण त्याच दिवशी लहान मोटारींवरचाही २८ वरून १८ वर आला. रस्त्यावरची स्पर्धा त्यामुळे बदलणार नाही. ती जागेने बदलेल.

महापालिकेला माझी विनंती साधी आहे. दिवाळीनंतर, थंडीच्या एखाद्या आठवड्यात, अशोक चौक ते अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ सायकली मोजा. आकडा जाहीर करा. गर्दीच्या तासाला तो चारशेच्या वर निघाला तर डांबराच्या कडेचा उंबरा काढून दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर सायकलला द्या, तिथे मोटारी लागू देऊ नका आणि कडेने कडुनिंब लावा. पुढे तीच पट्टी कुंभारीपर्यंत न्या. आणि वाचकहो, त्या रस्त्याने तुम्ही मोटारीतून जात असाल तर पुढच्या सायकलवाल्याला हॉर्न देऊन मुरमात उतरवू नका. त्याला कामावर वेळेत पोचायचं असतं.