चार नंबरची कॉट

संध्याकाळचे सव्वासात वाजलेत. तासगावातल्या एका खाजगी रुग्णालयात बिलाच्या खिडकीपाशी मी उभी आहे, मावशीच्या औषधांची पावती घ्यायला. माझ्या पुढं एक बाई आहे. तिच्या पदराला गंधकाचा वास येतोय, म्हणजे बेदाण्याच्या शेडवरून तशीच आलेली. मार्च चालू आहे. तालुक्यात जिकडंतिकडं रॅकवर द्राक्षं वाळतायत आणि बेदाणा निवडायला बायका दिवस दिवस बसतायत. तिच्या हातात एक चिठ्ठी आहे. एकूण ७२ हजार, जमा ४० हजार, बाकी ३२ हजार.

"दादा, आमच्या सासऱ्यास्नी घराकडं न्यायचंय. पाय काढायला ते न्हाईच म्हणत्यात."

"न्या की. बाकी भरा, गेटपास देतो."

"आज रातचं कुठनं आणू वो?"

"बेदाणा असंल की स्टोरेजला. तारण ठेवा."

तिचा नवरा मागं भिंतीला टेकलाय. "ठेवलाय," तो म्हणतो. "औषधाच्या दुकानाची उधारी भागवली त्यातनं." औषध म्हणजे बागेवर फवारायचं. अर्ध्या एकराची बाग, त्यावर निघालेला माल कोल्ड स्टोरेजमध्ये, आणि त्याच्यावर उचल आधीच घेऊन झालेली.

तिचे सासरे, तात्या, चार नंबरच्या कॉटवर आहेत. पाच नंबरवर माझी मावशी, त्यामुळं तिथलं सगळं मला दिसतं आणि ऐकू येतं. तात्यांची सत्तरी उलटलेली, साखरेचं जुनं दुखणं, उजवं पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलंय. सकाळी डॉक्टर सांगून गेलेत की विष वर चढतंय, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, मिरजेला न्या. तेव्हापासून तात्यांचं एकच चाललंय. "जल्माला आलो तवा दोन पाय घिऊन आलो. जाताना दोनच घिऊन जाणार. मला घराकडं न्या." हाताच्या शिरेत सुई तशीच आहे. सलाईन दुपारीच संपलंय. ती काढा म्हणून ते दोनदा सांगतात आणि सिस्टर खालच्या आवाजात म्हणते, "बाबा, बिलाची पावती आली की लगेच काढते. मला तसं सांगितलंय."

इथं बेदाणा तारण ठेवला तर पावती मिळते. वजन, पेट्या, तारीख सगळं लिहिलेलं असतं. चार नंबरवर अडकवून ठेवलेल्या माणसाची पावती कुणीच देत नाही.

बाई कॉटपाशी येते आणि एक छापील कागद माझ्यापुढं धरते. "ताई, यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की." डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेण्याचा तो कागद. आम्ही स्वतःच्या इच्छेनं नेत आहोत, पुढं काही झालं तर जबाबदारी आमची, असं लिहून खाली सहीसाठी रेघ आहे. का नेत आहोत, हे लिहायला जागा नाही. मी वाचून दाखवते. ती म्हणते, "इच्छा कसली ताई. मिरजेला आणिक दोन लाख लागत्याल, असं कुणीतरी त्येंच्या म्होरंच बोललं. तवापास्नं पायाचं खूळ घेतलंय."

तिचा फोन वाजतो. बोलता बोलता ती खिडकीकडं सरकते. "व्हय साहेब... दवाखान्यात हाय साहेब... शुक्रवारपातूर..." जमा केलेले ४० हजार गटाच्या कर्जातून आलेत, फायनान्स कंपनीचा माणूस हप्ता मागतोय. अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच घालून दिलंय. घड्याळात साडेसात होऊन गेलेत. ती मात्र त्याला साहेब, साहेब म्हणत पुढची तारीख मागतेय.

खिडकीच्या बाजूला, पाण्याच्या फिल्टरच्या वर, रुग्णहक्कांची सनद लावलेली आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार ती आणि दरपत्रक दर्शनी जागी लावावं लागतं. मी खिडकीतल्या मुलाला विचारते, हे कधी वाचलंय का? "तपासणीला येत्यात, म्हणून लावलंय," तो सरळ सांगून टाकतो. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ साली केलेल्या सनदेत बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही असं स्पष्ट आहे, आणि बिलासाठी रुग्णाला डांबणं बेकायदेशीर असल्याचं मुंबई उच्च न्यायालयानंही म्हटलंय. हे मी मोठ्यानं बोलते. जरा जास्तच मोठ्यानं, कारण आतून डॉक्टर बाहेर येतात.

ते थकलेले दिसतात. मी म्हणते ते ऐकून घेतात, आणि टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढून माझ्यापुढं उघडतात. नाव, गाव, रक्कम, पानामागून पान. काही नोंदी कोरोनाच्या वर्षांतल्या. "कायदा मला माहीत आहे, ताई. यांना नोटीस पाठवा, दिवाणी दावा लावा, तीन वर्षांच्या आत. वकिलाची फी बाकीपेक्षा जास्त होते. मशीनचा हप्ता बँक माझ्याकडून दर महिन्याला घेते, ती कुठं थांबते?"

हे खोटं नाही. त्यांनी आणि सिस्टरांनी रात्री जागून काम केलंय. त्याचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. पण कोर्टाला वर्षं लागतात आणि गेटवरच्या वॉचमनला दहा मिनिटं पुरतात, म्हणून वसुली गेटवर येऊन बसते. आणि गेटवर वसुली बसली की कॉटवरचा माणूस जे 'नाही' म्हणतो, ते उपचाराला म्हणतो की बिलाला, हे कुणालाच कळत नाही. उपचार नाकारायचा तात्यांना पुरा हक्क आहे. शुद्धीतल्या सज्ञान माणसाच्या मनाविरुद्ध त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालीच सांगितलंय की उपचार काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता आणि नाकारलं तर काय होईल, हे आधी पेशंटला कळायला हवं. तात्यांना सकाळपासून फक्त आकडे कळलेत.

डॉक्टर वही मिटतात. खिडकीतल्या मुलाला म्हणतात, "एक कागद घे. बाकी ३२ हजार, माल विकला की हप्त्यानं देतो असं यांच्याकडून लिहून घे आणि गेटपास दे." मग सिस्टरला, "सुई आत्ता काढू नका. सलाईन लावा, बाबा इथून सरळ मिरजेला जाणार की घरी, ते मी त्यांनाच विचारतो."

ते स्टूल ओढून चार नंबरपाशी बसतात. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात महात्मा फुले योजना आहे, वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत, असं सांगतात. आपलं रुग्णालय त्या यादीत नाही, म्हणून इथं पैसे लागले, हेही लपवत नाहीत. तिथं आरोग्यमित्र बसतो, कागद त्याला दाखवायचे. जायला १०८ ची गाडी, तिचे पैसे नाहीत. मग आवाज न बदलता म्हणतात, "आता पैशाचं बाजूला ठेवा तात्या. पाय तसाच ठेवला तर काही दिवसांत विष अंगभर जाईल, मग माझ्या किंवा मिरजेच्या हातात काही राहणार नाही. तरीही घरी जायचं म्हणालात तर मी अडवणार नाही. दुखू नये म्हणून गोळ्या देईन."

तात्या बराच वेळ छताकडं बघत राहतात. सून ओठ दाबून पायथ्याशी उभी आहे. मी काही बोलू नये म्हणून मावशी माझा हात धरून ठेवते.

"गुडघा ऱ्हातोय म्हनलासा न्हवं?"

"राहतोय. त्यासाठीच लवकर करा म्हणतोय."

"गुडघा ऱ्हायला तर लाकडाचा पाय बसतुय का? चालता येतंय?"

"बसवतात. जखम भरायला वेळ लागतो, पण काठी घेऊन चालतात लोक."

"बागंत जाता येईल?"

"बांधापर्यंत तर नक्की."

तात्या मुलाकडं बघतात. "रेशनकार्ड कुठं हाय?"

सून पुढं होते. "पेटीत हाय, मामा. आधार बी तितंच हाय." मुलगा गाडीची किल्ली चाचपत जिन्याकडं निघतो, मागून डॉक्टर त्याला ओरडून सांगतात की जुन्या तपासण्यांचे कागदही आण, झेरॉक्स नको, मूळ प्रत आण.