पाण्याच्या झोतानें खोदाई

पूर्वी शेताच्या पोटांत विहिरीच्या मोटेचा पाट वा एखादा खापरी नळ एवढेंच काय तें असे. आज ठिबक सिंचनाची मुख्य नळी, पंपाची केबल, दूरसंचाराची तार आणि कित्येक ठिकाणीं इंधन वायूचा पोलादी नळही एकाच बांधालगत सांपडतो. अशा जमिनींत खोदाई करणें म्हणजे डोळे झांकून कुऱ्हाड चालविणें होय. ह्याकरितां पाण्याच्या झोतानें खोदण्याची जी पद्धत इतरत्र रूढ झाली आहे, तिची माहिती आमच्या वाचकांस देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. इंग्रजींत तिला हायड्रो एक्स्कॅव्हेशन म्हणतात. आम्ही तिला जलखोदाई म्हणूं.

हिची वाढ मुख्यतः कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांतील तेलक्षेत्रांत झाली. तेथें हिंवाळ्यांत जमीन गोठून दगडासारखी होत असल्यामुळें ऊन पाण्याचा झोत सोडून ती फोडतात. एका मोटारीवर पाण्याची टाकी, दाब देणारा पंप व हवा ओढणारें यंत्र असतें. कामगार उभ्या नळीनें झोत मारितो; माती सुटून तिचा राडा होतो, आणि तो राडा दुसऱ्या रुंद नळीनें तत्काळ ओढला जाऊन मोटारीवरील बंद टाकींत पडतो. दाब सामान्यतः दर चौरस इंचास 1500 ते 3000 पौंड असतो. केबलीजवळ तो कमी ठेवावा लागतो.

हिचा पहिला व मोठा लाभ हा कीं, लोखंडी दांत्याचा घाव टळतो. जेसीबीच्या दांत्यास माती कोणती व नळ कोणता हें कळत नाहीं. पोलादी नळ त्याच वेळीं फुटला नाहीं तरी त्याचें संरक्षक आवरण खरवडलें जातें, आणि तेथून गंज धरतो. 30 जुलै 2004 रोजीं बेल्जममधील गिलेंगियाँ येथें वायूचा नळ फुटून 24 माणसें दगावलीं. बांधकामाच्या यंत्रानें त्या नळास आधींच इजा झालेली होती. पुढें आंतील दाब वाढतांच तो फुटला. घाव एके दिवशीं व अनर्थ दुसऱ्या दिवशीं, हें ह्या कामाचें खरें भय आहे.

दुसरा लाभ असा कीं, खड्डा हवा तेवढाच पडतो. मोटार रस्त्यावर उभी करून नळी आंत नेतां येत असल्यानें जड चाकांखालीं जमीन दबत नाहीं. फळबागेंत मोठीं मुळें न तोडतां उघडीं करितां येतात. मजुरासही खोल चरांत उतरावें लागत नाहीं.

तथापि ही पद्धत सर्वत्र चालेल असें नाहीं. आपल्या सह्याद्रीकडील काळ्या पाषाणापुढें पाण्याचा इलाज नाहीं. चिकट काळ्या मातीस पाणी व वेळ दोन्हीं अधिक लागतात. झोत एके जागीं स्थिर धरिला तर केबलीचें आवरणही फाटतें. शिवाय एकट्या शेतकऱ्यास ही मोटार आणविणें परवडण्यासारखें नाहीं. त्यानें निदान नळाच्या अंदाजी जागेपासून यंत्र दूर थांबवून पुढील माती हातानें, फावड्यानें जपून काढावी. पहार व टिकाव तेथें वर्ज्य समजावे.

राडा कोठें जातो, हेंही विचारलें पाहिजे. कॅलिफोर्नियांत 1853 पासून सोनें काढणारे लोक पाण्याच्या झोतानें डोंगर धुवीत. तो गाळ यूबा नदींतून खालीं येऊन मेरीसव्हिल भागांतील शेतें गाडलीं गेलीं. शेतकरी न्यायालयांत गेले, आणि 1884 सालीं न्यायाधीश सॉयर यांनीं असा गाळ नदींत सोडण्यास बंदी केली. आजची जलखोदाई राडा टाकींत भरते, हा तिचा गुण. पण ती टाकी आपल्या ओढ्यांत किंवा विहिरीलगत रिकामी होऊं देऊं नये.

आतां व्यवहाराचें. नळ टाकणारी कंपनी शेतांत आली, तर जुने नळ, केबली व झाडें जेथें असतील तेथें जलखोदाई करावी, वरची सुपीक माती वेगळी ठेवून शेवटीं वरच पसरावी, आणि खड्डा कोरड्या मातीनें थर दाबून भरावा, हीं कलमें आधीं लेखी घ्यावीं. 1962 च्या पेट्रोलियम व खनिज नळमार्ग कायद्यान्वयें ज्या पट्ट्यांत कंपनीस वापराचा हक्क मिळतो, तेथें पीक घेतां येतें. परंतु इमारत बांधणें, विहीर वा तळें खणणें व झाडें लावणें ह्यांस मनाई आहे. झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क मात्र शेतकऱ्यास आहे. खोदाईची पूर्वसूचना नळ-तारांच्या मालकांस पोंचावी म्हणून सरकारनें 22 मार्च 2023 रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ हें मोबाईल ॲप सुरू केलें आहे. खोदणाऱ्यानें तें वापरलें कीं नाहीं हें विचारण्यास संकोचूं नये.

सारांश, आपल्या जमिनीखालीं काय आहे ह्याचा एक नकाशा प्रत्येक शेतकऱ्यानें सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावा. झोत असो वा फावडें, कोठें हात राखावयाचा हें तो नकाशाच सांगेल.