मिरासी, उपरी आणि घरकुल : प्रवरेकाठच्या निवासवाचक शब्दांचा विचार

मनुष्याच्या राहण्याच्या जागेला मराठीत जे अनेक शब्द आहेत, ते केवळ आकाराने वा बांधणीने भिन्न अशा वस्तूंचे वाचक नव्हेत. घर, बिऱ्हाड, पाल, कोपी या शब्दांतील मूलभूत भेद स्थैर्याचा आहे, हे त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून ध्यानात येते. घर बांधतात, बिऱ्हाड थाटतात आणि हलवतात, पाल ठोकतात आणि उठवतात. घर या शब्दापासून घराणे, घरंदाज, घरोबा असे कुलवाचक, प्रतिष्ठावाचक व स्नेहवाचक शब्द सिद्ध झाले. बिऱ्हाडापासून भाडेकरूचा वाचक असा बिऱ्हाडकरू तेवढा निघाला, आणि कोपीपासून तर असे काहीच निघाले नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास परवडणारे घर मिळाले की त्याच्या जीवनात स्थैर्य येते, असे आज सर्वत्र म्हटले जाते. हे स्थैर्य घराच्या कोणत्या अंगातून उत्पन्न होते, भिंतींतून, किमतीतून की जागेतून, या प्रश्नाचा उलगडा करण्यास हे शब्द साहाय्यभूत होतात.

या विचारासाठी कोल्हारचा परिसर विशेष उपयुक्त आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुक हे प्रवरेकाठचे, भगवती देवीच्या मंदिरामुळे ख्यात असलेले गाव नगर-मनमाड मार्गावर वसलेले आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या खोऱ्यात बागायत आली. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने जवळच लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परिणामी पिढ्यानुपिढ्या स्थिर असलेली गावठाणे आणि दरवर्षी हंगामापुरती उभी राहणारी वसती, असे निवासाचे दोन्ही प्रकार येथे शेजारी शेजारी दिसतात.

प्रथम स्थिर वसतीचा विचार करू. जुन्या मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या भूमीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती काळी आणि वसतीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे ही जोडी मराठी वाचकास सुपरिचित झाली आहे. पांढरीचा रंग मुळात निसर्गदत्त नसतो. चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती व त्यांवर पुन्हा उभारलेल्या भिंती यांचे थर शतकानुशतके साचून तो आलेला असतो. म्हणूनच जुन्या वसाहतींचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञ पांढरीची टेकाडे पाहतात. प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९५८ साली उजेडात आलेले दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ याचे ठळक उदाहरण होय. तात्पर्य, ‘पांढरी’ या शब्दात वसतीचे सातत्यच साठलेले आहे.

या पांढरीवर सर्वांचा अधिकार मात्र सारखा नव्हता. मराठेशाहीतील शेतकऱ्यांचे मिरासदार व उपरी असे दोन वर्ग होते. मिरास हा अरबी शब्द वारसा या अर्थाचा आहे. सारा भरीत असेतोवर मिरासदारास जमिनीवरून हलवता येत नसे. जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा व वारसांकडे सोपविण्याचा हक्क त्याला असे. उपरी हा बाहेरून आलेला, कराराच्या मुदतीपुरती जमीन कसणारा. दोघांतील अधिक अर्थपूर्ण भेद गैरहजेरीच्या काळात प्रकट होई. दुष्काळामुळे वा युद्धामुळे मिरासदार परागंदा झाला, तरी परत येऊन थकलेला सारा भरल्यास त्याला आपली मिरास मागता येई. उपरी गेला की त्याचा संबंध संपला. इंग्रजी अमलातील रयतवारी पद्धतीने हा भेद कायद्यात पुसट केला. तथापि भाषेत त्याची खूण राहिली. लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे ‘उपरा’ हे शीर्षक कोणालाही समजावून सांगावे लागले नाही, ते याच कारणाने.

आजच्या प्रवरा खोऱ्यात उपरीपणाचे सर्वांत स्पष्ट रूप ऊसतोडणी कामगारांच्या वसतीत दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, तसेच अहिल्यानगरच्याच पाथर्डी-शेवगाव भागातून ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपेपर्यंत बांबूच्या कांबी, चटई, पाचट वा ताडपत्री यांच्या कोप्यांत राहतात. येथे गणनेची परिभाषा लक्षणीय आहे. गाव मोजताना ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ म्हणतात. ऊसतोडीची टोळी मोजताना ‘वीस कोयते’ म्हणतात, आणि एक कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी. उंबरा हा घराचा अवयव, कोयता हे श्रमाचे साधन. एकच कुटुंब आपल्या गावी उंबऱ्याने आणि उसाच्या फडावर कोयत्याने मोजले जाते. मागे घरात वृद्ध माणसे राहिली, तर मुलांची शाळा चालू राहते. घरच नसेल, तर मुलेही कोपीत येतात. अशा मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

शासकीय परिभाषेने या ठिकाणी ‘घरकुल’ हा शब्द स्वीकारला. घर या शब्दाचे हे लघुत्ववाचक रूप असून त्यास वात्सल्याची छटा आहे. १९८५ साली आरंभ झालेल्या इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना होऊन २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तीत सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. परंतु हे साहाय्य बांधकामाचे आहे. लाभार्थ्याजवळ जागा असल्याचे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याचा पांढरीवर हक्क नाही, त्याच्यापाशी घरकुलाची मंजुरी असूनही घरकुल नसते. ही उणीव ओळखून राज्य शासनाने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे घरकुल जागा खरेदीसाठी योजना काढली. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेकरिता आरंभी ५०,००० रुपयांपर्यंत साहाय्य होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अर्थात ही जागा अर्ध्या गुंठ्याहूनही थोडी कमी. बागायती गावात, हमरस्त्यालगत, एवढ्या रकमेत एवढी जागा मिळणे सोपे नाही. जेथे ती स्वस्त मिळते, तेथून काम, शाळा व पाणी दूर पडते. म्हणून ‘परवडणारे’ या विशेषणाचा अर्थ केवळ किमतीवरून ठरविता येत नाही. रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि त्यात बुडणारी मजुरी यांचाही हिशेब त्या शब्दात अंतर्भूत धरला पाहिजे.

यावरून स्थैर्याच्या कल्पनेतच एक दुरुस्ती करावी लागते. एका जागी राहणे म्हणजे स्थैर्य, असे मानल्यास ऊसतोडणी कामगारास पक्के घर मिळूनही तो अस्थिरच ठरेल, कारण सहा महिने तो घराबाहेर असतो. मिरासीची संकल्पना अधिक सूक्ष्म आहे. परतून आल्यावर जागा आपलीच असेल ही खात्री, हे तिचे मर्म होते. ज्याला अशी जागा आहे, तो आजारी माणसाला व शाळेतल्या मुलाला मागे ठेवून कामाला जाऊ शकतो आणि मजुरीचा दर न पटल्यास जाण्याचे नाकारूही शकतो. ज्याला ती नाही, त्याला उचल घेताना घासाघीस करण्यास फारसा वाव उरत नाही. घराचा सामाजिक परिणाम मुख्यतः येथे घडतो. यास्तव घरकुलाबरोबर जागेचा निर्वेध हक्क, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद, आणि ती नोंद पत्नीच्याही नावे असणे, या गोष्टी विटा-सिमेंटइतक्याच बांधकामाच्या मानावयास हव्यात.

खेड्याचा पत्ता लिहिताना आजही आरंभी ‘मु. पो.’ ही अक्षरे येतात. त्यांतील मुक्काम हा मूळचा अरबी शब्द मराठीत प्रवासातील थांब्याचा वाचक झाला, आणि पत्रव्यवहारात तोच कायमच्या वसतीचा वाचक बनला. शब्दाला जे स्थित्यंतर साधले, ते कोपीतल्या कुटुंबाला साधण्यासाठी अर्ध्या गुंठ्याची पांढरी लागते. तेवढी मिळाली की कोयत्याने मोजले जाणारे कुटुंब बाराही महिने उंबऱ्याने मोजता येईल, मग ते हंगामात कोठेही असो.