परदेशातल्या लॅबमध्ये पहिले दिवस: स्कार्फ, नमाज आणि ‘येस सर’

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी एमएस्सीनंतर सहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये गेली. निघण्याआधी घरच्यांनी आम्हांला शंभर प्रश्न विचारले. खाणार काय? स्कार्फ चालेल का? तेव्हा आम्हांलाही फारसं ठाऊक नव्हतं. तिच्या अनुभवातून जे कळलं ते सांगतो, कारण आता आपल्या घरांतून आणखी मुलं-मुली जाऊ लागली आहेत.

आधी कागदपत्रं. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म हवा, म्हणून खोली ठरवतानाच तो मागून घ्या. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी. ते फसवणूक समजून फेकू नका! ही वर्गणी माणशी नसून घरटी असते, म्हणजे तिघी एकत्र राहत असतील तर वाटून घेता येते.

लॅबमध्ये काम सुरू होण्याआधी सुरक्षेची माहिती देतात आणि सही घेतात. स्कार्फला कुणी हरकत घेतली नाही, पण तो सुती हवा, कारण सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं. टोकं कोटाच्या आत खोचलेली हवीत. तिने लॅबपुरते तीन सुती स्कार्फ वेगळे ठेवले.

पेशी वाढवण्याच्या कामात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम लागतं. ते बहुतेक वेळा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. बाटलीवर हे वाचून पोरगी रडवेली झाली. आमच्या इथल्या मौलानांना विचारलं, तर ते म्हणाले, खायचं नाही, हातमोजे असतातच, लागलं तर धुऊन टाका. तुमच्या मनात शंका असेल तर तुमच्या आलिमांना जरूर विचारा. प्राणिजन्य नसलेलं ट्रिप्सिनही मिळतं, पण ते वापरायचं की नाही हे लॅबप्रमुख ठरवतात.

नमाजचं गणित हिवाळ्यात अवघड होतं. डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्य चारच्या आधीच मावळतो, म्हणजे जोहर, असर, मगरिब तिन्ही कामाच्या वेळेत. तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की मला दहा-दहा मिनिटं लागतील. रिकामी मीटिंग रूम मिळाली. वुजू लॅबच्या सिंकवर करू नये, तिथे रसायनं असतात.

कॅन्टीनच्या मेनूवर डुकराचं मांस आणि अल्कोहोल यांच्या खुणा असतात, त्या आधी शिकून घ्याव्यात. तुर्की दुकानांमुळे हलाल मटण शोधायला त्रास पडला नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि त्यात आम्हां शिक्षकांचाही दोष आहे. तिथे प्रोफेसर क्वचित भेटतात, रोजचं काम पीएचडी करणारा एखादा सीनियर शिकवतो. तो भरभर सांगायचा, ही ‘येस, येस’ म्हणायची. वर्गात आपण मुलांना हेच शिकवलेलं असतं ना, मध्ये बोलू नका! नाव लिहिताना तिने दोन बाटल्यांची अदलाबदल केली आणि तीन आठवड्यांच्या पेशी वाया गेल्या. दोन दिवस तिने ते लपवलं. घरी फोनवर म्हणाली, मी परत येते. शेवटी सीनियरला जाऊन सांगितलं, तर तो चिडला तो चुकीवर नाही, दोन दिवस गप्प राहिल्यावर. मग दोघांनी वही काढून बसून पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर ती प्रत्येक सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायची, ‘म्हणजे मी आधी हे करू, मग ते?’ अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जायच्या.

आणि पालकांसाठी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आपल्याशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. त्या सोमवारी तिचा साडेनऊचा फोन साडेदहाला आला, तोवर अब्बू गल्लीत चकरा मारत होते.