शिमग्याचं फुटेज आणि मागे पडणारा आवाज

शिमगा आटोपला की रत्नागिरीत आणि आसपासच्या वाड्यांत एडिटिंगला बसणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली. ढोलावर काठी पडताना दिसते आणि आवाज मागाहून येतो. पालखी नाचवण्याचं चित्रण एका कॅमेऱ्यावर 25 फ्रेममध्ये, दोघांच्या फोनवर 30 मध्ये आणि ड्रोनवर 60 मध्ये झालेलं असतं. मग खापर फुटतं ते ‘फ्रेम रेट वेगवेगळे होते’ यावर.

बहुतेक वेळा ते चुकीच्या डोक्यावर फुटतं. 30 फ्रेमची क्लिप 25 च्या टाइमलाइनवर टाकली, की सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममधली एक गाळून टाकतं. मिनिटाची क्लिप मिनिटाचीच राहते, आवाजाला धक्काही लागत नाही. बिघडते ती हालचाल. पालखी गर्रकन वळते तिथे चित्र अडखळतं. सिंक जातो तो कुणीतरी क्लिपच्या सेटिंगमध्ये शिरून ‘ही 25 चीच समज’ असं सॉफ्टवेअरला बजावतो तेव्हा. मग एकही फ्रेम गळत नाही, मिनिटाचं चित्र 72 सेकंदांचं होतं आणि वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज बिचारा 60 सेकंदांतच संपतो. ड्रोनच्या शॉटला स्लो मोशनसाठी हे खुशाल करावं, गाणाऱ्याच्या शॉटला नाही.

‘29.97 म्हणजे 30 च की!’ हेही नेहमी ऐकू येतं. 1953 मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा 30 चा वेग हजारात एक भाग इतका कमी केला गेला, त्याचं हे शेपूट. डोळ्यांना फरक कळत नाही, पण 29.97 च्या चित्राला 30 समजून पळवलं, तर तासाभरात ते वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या 3.6 सेकंद पुढे जातं.

खरा गुन्हेगार बहुधा फोन असतो. सेटिंगमध्ये 30 लिहिलेलं असलं, तरी बरेच फोन प्रत्येक सेकंदाला मोजून 30 फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतात, फोन तापला की एखादी गाळतात. मध्यरात्री नमनाचा खेळ रंगात आलाय, त्यातला संकासुर मांडावरच्या दिव्यांच्या झोतातून अंधाऱ्या कडेला जातो. नेमकं तिथेच फ्रेममधलं अंतर बदलतं. कोणती फ्रेम कधीची, याची नोंद फाइलमध्ये असते. म्हणून फोनवर बघताना सगळं जुळतं आणि ‘एडिटिंगमध्येच बिघडलं’ असं वाटतं. ती नोंद बाजूला ठेवून सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज कधी पुढे, कधी मागे जातो. फाळक्यांच्या मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत; वेग कमीजास्त झाला तरी जुळवायला आवाजच नव्हता. बोलपट आले आणि सेकंदाला 24 फ्रेम हा वेग पक्का करावा लागला. फोनने तो हातचा दांडा परत आणलाय म्हणायचं.

संशय असेल तर ‘मीडियाइन्फो’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडावी. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं, की ती क्लिप थेट टाइमलाइनवर घेऊ नये. आधी ‘हँडब्रेक’मधून ती ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्यावी. तिथे आधीपासून बऱ्याचदा ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं तर पहिले पाढे पंचावन्न. मूळ फाइल मात्र पुसू नये. आणि हे काम एडिटिंगच्या आधी करायचं. शंभर कट मारल्यावर नव्हे.

‘आवाज चार फ्रेम सरकवला की झालं’ हा उपाय चूक नाही, अपुरा आहे. सरकवण्यापूर्वी क्लिपची सुरुवात, मध्य आणि शेवट तपासावा. झांजेचा किंवा मृदंगाच्या थापेचा आवाजाच्या आलेखात ठसठशीत सुळका दिसतो, तो फ्रेमशी जुळवून बघावा. फरक सगळीकडे तेवढाच असेल तर बिनधास्त सरकवा. उड्या मारत असेल तर फोनकडे बोट दाखवा. एका लयीत वाढत असेल, तर फ्रेम रेट चुकीचा समजला गेलाय किंवा कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगळी चालताहेत. दोन घड्याळांत दहा लाखांत 20 भागांचा फरक असला, तरी तासाला 72 मिलिसेकंद जातात. 25 च्या हिशेबात जवळपास दोन फ्रेम. पाच तासांचं नमन असेल तर नऊ. त्यावर इलाज म्हणजे मधल्या गाण्यांच्या विश्रांतीत आवाज कापून पुन्हा जुळवणं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन ओलांडून गेलं असेल, तर मात्र 44.1 किलोहर्ट्झचा आवाज 48 चा समजून वाजतोय. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून सिंक तपासू नये. तो स्वतःच आवाज उशिरा पोचवतो.

एवढं करूनही एखादा शॉट जुळत नाही. अशा वेळी कॅमेरा कुठे होता ते आठवावं. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. ढोलपथकापासून 70 मीटरवर, गर्दीच्या मागे उभं राहून झूम केलं असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकवर आवाज पाचेक फ्रेम उशिराच पोचलेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज 125 मिलिसेकंद मागे पडला की बघणाऱ्याला जाणवू लागतं. पुढे गेला तर 45 मध्येच. इथे तर 200 झालेत. त्या शॉटचा आवाज पाच फ्रेम पुढे ओढा, नाहीतर तो बंद करून ढोलाजवळच्या रेकॉर्डरचा वापरा.