दिवसाला ४०,००० पतंग

अमेरिकेतल्या यलोस्टोन परिसरातली ग्रिझ्ली अस्वलं उन्हाळ्यात डोंगरांच्या उंच दगडी उतारांवर चढतात आणि दगड उलथून त्यांखाली दडलेले पतंग खातात. एका पतंगात जेमतेम अर्धी कॅलरी असते, पण एक अस्वल दिवसाला ४०,००० पतंग फस्त करू शकतं. म्हणजे २०,००० कॅलरी, आपलं दहा दिवसांचं जेवण! या कॅलरी चरबीच्या रूपात साठवूनच त्याला हिवाळ्याचे महिने न खाता काढायचे असतात.

आता तंबूत उघडं राहिलेलं अर्धा किलो पीनट बटर घ्या. त्यात सुमारे ३,००० कॅलरी, म्हणजे ६,००० पतंगांचा ऐवज, तोही एकही दगड न उलथता.

या आयत्या घबाडाची किंमत यलोस्टोनने मोजली आहे. पूर्वी तिथे पर्यटक अस्वलांना हाताने खाऊ घालत, उष्टंखरकटं उघड्यावर टाकलं जाई. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी दरवर्षी सरासरी ४८ माणसं जखमी केली. १९७० च्या सुमारास उकिरडे बंद झाले, अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आल्या, खाऊ घालण्यावरची बंदी कडकपणे पाळली जाऊ लागली. आज वर्षाला ४० लाखांहून अधिक पर्यटक येतात आणि जखमी होतो सरासरी एक.

यलोस्टोनच्या आडरानातल्या मुक्कामात ग्रिझ्लीकडून इजा होण्याचं प्रमाण १७ लाख रात्रींमागे एक आहे. एकट्या माणसाला इतक्या रात्री काढायला ४,६०० वर्षं लागतील!

पण हा आकडा शिस्तीच्या बळावर टिकून आहे. स्वयंपाक आणि शिधा तंबूपासून ९० मीटर दूर हवा. शिधा जमिनीपासून तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगायचा, टूथपेस्ट आणि साबणासकट. ग्रिझ्ली ताशी ५६ किलोमीटर वेगाने धावतं. ९० मीटर त्याला सहा सेकंदांचे. म्हणून पळायचं नाही, आणि अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा सॅकच्या तळाशी न ठेवता कमरेला लावायचा.

माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी अनेकदा त्यालाच मारावं लागतं. आपला शिधा नीट सांभाळला, तर दोघांचाही जीव वाचतो.